आमची वाटचाल : समोरची फळी

नाशिकच्या गंगापूर रोडवरचा आमचा गाळा दहा बाय अठरा फुटांचा. परवाना बिअर आणि वाइनचा. आत शिरलं की समोर, बरोबर डोळ्यांच्या उंचीला, एक सागवानी फळी दिसते. तिच्यावर आजवर कुठल्या कंपनीची स्कीम चढलेली नाही. फ्रीजमध्ये, बाजूच्या रॅकवर सगळे ब्रँड आहेत. मागाल ते देतो. ती फळी मात्र लहान वाइनरीवाल्यांची.

मी मूळचा निफाड तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. २००१ चं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि आमच्याकडे खायची थॉम्सन द्राक्षं काढून वाइनची शेनिन, शिराझ लावायची लाट आली. शेजारच्या तात्यांनी तर तीन स्टीलच्या टाक्या आणि हाताने फिरवायचा प्रेस घेऊन स्वतःचीच वाइन सुरू केली. तात्यांच्या खिशात पेन नसेल, पण रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर ब्रिक्समध्ये मोजायची नळी, कायम. मणी चिरडायचा, काचेवर थेंब, डोळ्याला नळी, आणि ठरलेलं वाक्य : "अजून दीड ब्रिक्स." खायची द्राक्षं सतरा-अठराला तोडतात, हे तेवीसपर्यंत थांबणार. तोवर अवकाळी आला तर गेला माल. लोक हसायचे. वाइनच्या मण्याला जाड साल, आत बिया. बाजार समितीत त्याला कोण विचारणार? २००७ मध्ये मी दुकान टाकलं तेव्हा पहिल्या वीस पेट्या तात्यांच्याच, त्याही उधारीवर.

आता २००८ चा डिसेंबर. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर हॉटेलं ओस, वर जगभरची मंदी. मोठ्या वाइन कंपन्यांच्या टाक्यांत माल पडून, म्हणून स्कीमा जोरात. आमचा डिस्ट्रिब्युटर आला. दहा पेट्यांवर एक फुकट, काचेचा फ्रीज, दिव्याचा बोर्ड. अट एकच, समोरची फळी. "बाकीचं तळाला ठेवा नाहीतर मागे, आमचं काही म्हणणं नाही." मी नाही म्हटलं. तो हसला आणि चहा पिऊन गेला. बिअरही त्याच्याकडूनच यायची आणि गाळ्याचं भाडं बिअरवर निघायचं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकतीस डिसेंबरच्या आठवड्यात माझी गाडी "लोडच झाली नाही." दोन जानेवारीला माल आला. दोन गाळे सोडून नव्या दुकानात तो फ्रीज आणि तो बोर्ड लागला. माझी गिऱ्हाइकं तिथे रांगेत उभी असलेली मी काउंटरवरून बघितली आहेत. काही जण नजर चुकवायचे.

पुढची चूक सर्वस्वी माझी. एप्रिलमध्ये गावी लग्न होतं. दुकान दोन दिवस बंद, वीज गेली, एसी बंद पडला आणि वर पत्रा. परत आलो तर एकतीस पेट्यांतल्या बाटल्यांची बुचं वर सरकलेली, गळ्याला चिकट ओघळ. तात्या मोटारसायकलवर आले. आपला जुना दोन कानांचा ओपनर काढून प्रत्येक पेटीतली एकेक बाटली उघडली, वास घेतला आणि बादलीत ओतली. शिजलेल्या जांभळाचा वास दुकानात आठवडाभर होता. पैशाचं विचारलं तर म्हणाले, "ऑक्टोबरच्या छाटणीपर्यंत बघ." त्याच वर्षी करार केलेल्या कंपन्यांनी माल उचलला नाही म्हणून आमच्या भागात लोक वाइनच्या बागा तोडत होते. तात्यांनाही पैशाची निकड असणारच. मी विचारलं नाही.

आमचे एक सर आहेत, निवृत्त प्राध्यापक. महिन्याच्या पहिल्या शनिवारी कापडी पिशवी घेऊन येतात, एकच बाटली नेतात. त्यांनी त्या बिघडलेल्यांतली एक मुद्दाम मागून नेली, खराब कशी लागते ते कळायला हवं म्हणून. वर पूर्ण पैसे दिले. मी ते घेतले. तेव्हा घ्यावेच लागले.

पुढची दहा वर्षं बरी गेली. लॉकडाऊनमध्ये दीड महिना शटर खाली होतं.

मोठ्या कंपन्यांमुळे नाशिकचं नाव झालं, हे मी नाकारत नाही. पण अनेक बागांचा माल एकत्र करून दरवर्षी तीच चव बांधायची, हे त्यांचं काम. तात्यांची शेनिन एका वर्षी पेरूसारखी, दुसऱ्या वर्षी जिभेला आंबट. "मागच्यासारखी नाही," अशी तक्रार येते. नसणारच! पाऊस तरी मागच्यासारखा होता का? लेबलवर वर्ष असतं, ते वाचा. शेनिन फार जुनी घेऊ नका. बर्फ टाकू नका, बाटली तासभर आधी फ्रीजमध्ये ठेवा. आणि एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत बाटली ठेवून त्र्यंबकला जाणाऱ्यांनी माझ्याकडे बदलून मागायला येऊ नये.

२०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकायचा निर्णय झाला, गदारोळ उठला, निर्णय कागदावर राहिला. लहानांना जागा मिळाली असती, असं तेव्हा बरेच म्हणाले. मिळाली असती, तळाच्या फळीवर.

गेल्या महिन्यात त्याच डिस्ट्रिब्युटरचा नवा मुलगा आला. नम्र होता, मला काका म्हणाला. समोरच्या फळीची लांबी विचारली. चार फूट दोन इंच, मी सांगितली.