आईची धाप फुप्फुसांचीच होती असं नाही

आईचं सीओपीडीचं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होणाऱ्या फुप्फुसविकाराचं निदान जुनंच. विडी-सिगारेटला तिने कधी हात लावला नाही, पण चुलीपुढे फुंकणी घेऊन उभं आयुष्य गेलं, तेवढं पुरलं. श्वासाने ओढायच्या औषधाचे पंप चालू होते. गेल्या पावसाळ्यात धाप वाढली तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. हवा दमट, त्रास वाढणारच.

वाफ दिली, अँटिबायोटिक झालं, स्टेरॉइडचा कोर्सही झाला. धाप तशीच. नेहमीच्या डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं, "या आजारात असं होतंच." मला पटेना, कारण धापेची तऱ्हाच बदलली होती. पूर्वी जिना चढताना लागायची, आता आडवं झालं की लागायची. उशीवर उशी चढत गेली आणि शेवटी आई खाटेवर बसूनच डुलक्या काढायला लागली. कफ नेहमीइतकाच, घरघर नाही. संध्याकाळी घोट्याजवळ बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ भरायचा नाही.

हे सगळं कागदावर लिहून आईला पुण्यात छातीच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी स्टेथोस्कोप लावण्याआधी तिच्या मानेची फुगलेली शीर पाहिली. म्हणाले, "आजी, आता जरा हृदयाकडे बघू." इसीजी, हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी आणि टू-डी एको, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदयाचं चित्र घेणारी तपासणी, लिहून दिली.

एकोला फार वेळ लागला. सीओपीडीत फुप्फुसं हवेने फुगून हृदयाच्या पुढे येतात आणि ध्वनिलहरी हवेतून नीट जात नाहीत. त्यात आईला कुशीवर पडवेना. अखेर छातीच्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या टोकाला प्रोब दाबून चित्र मिळालं. हृदयाचं पंपिंग ३५ टक्के. ५५च्या पुढे हवं. जुन्या फुप्फुसविकाराचा ताण हृदयाच्या उजव्या बाजूवर येतो म्हणे, पण आईची डावी बाजू थकली होती. छातीत दुखल्याचं ती कधी बोललीच नव्हती. ट्रेडमिलवर तिला चालवणं शक्यच नव्हतं, म्हणून मनगटातून अँजिओग्राफी केली. मुख्य रक्तवाहिनीत ब्लॉक निघाला, स्टेंट पडला.

डॉक्टर सांगत होते, २००५ साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरच्या ४०५ सीओपीडी रुग्णांना तपासलं, तर ८३ जणांत तोवर कुणालाच माहीत नसलेलं हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं काम कमी पडणं, सापडलं. पाचात एक! तरी आमच्याकडे इतक्या वर्षांत एकदाही एको झाला नव्हता.

खरी धुसफूस झाली ती हृदयासाठी दिलेल्या बिसोप्रोलॉल या गोळीवरून. औषधवाला म्हणाला, "दमेकऱ्याला ही गोळी चालत नाही." मामाने तेच धरून ठेवलं. डॉक्टरांनी समजावलं की प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्यांची भीती रास्त आहे, त्या श्वासनळ्याही आवळतात. ही मुख्यतः हृदयावर काम करते आणि सुरुवात सव्वा मिलिग्रॅमपासून करायची. सोबत लघवीची गोळी. पंप अर्थातच चालू.

आता आई एका उशीवर झोपते. जिन्याची धाप आहेच, ती जाणारी नाही. रोज सकाळी वजन लिहायचं आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन करायचा, हे तिने लगेच अंगवळणी पाडून घेतलं. पापड-लोणचं बंद केल्याबद्दल मात्र डॉक्टरांवरचा तिचा राग कायम आहे.