फळ्यावरचा ‘वार’

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहायचे ठरले, तेव्हा मला स्नेहसंमेलने किंवा बक्षिसे नाही, तर मराठीच्या तासाला सरांनी फळ्यावर काढलेली दोन अक्षरे आठवली: वार.

“अर्थ सांगा,” सर म्हणाले. सोमवार, मंगळवार तर सगळ्यांनीच सांगितले. कुणी तलवारीचा वार काढला. शिंप्याच्या मुलाने कापडाचा सांगितला, तीन फुटांचा. मग मागच्या बाकावरून एकजण अडखळत म्हणाला, “गाय व्याल्यावर पडते ती.” वर्ग हसला, सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर ‘तो वार’ आणि ‘ती वार’ असे दोन रकाने पाडले. दुसऱ्या रकान्यात त्याचा एकट्याचाच शब्द.

हे सगळे एकाच मुळातून फुटलेत असा आमचा समज होता. दिवसाचा वार संस्कृतातला. खेप, पाळी हा त्याचा जुना अर्थ ‘वारंवार’मध्ये अजून आहे. कापडाच्या वाराचे नाते कोशकार पोर्तुगीजांच्या ‘वारा’ या मापाशी लावतात. ते माप सुमारे ११० सेंटिमीटरचे, आपला वार मात्र ९१.४४ सेंटिमीटरचा, म्हणजे इंग्रजांच्या यार्डाएवढा. पुढे मीटर आला, तरी लुगडे नऊवारीच राहिले.

सोमवारनंतर मंगळवारच का, हेही त्याच तासाला कळले. जुन्या ज्योतिषात दिवसाच्या चोविसाव्या भागाला होरा म्हणतात; प्रत्येक होरा एका ग्रहाचा, आणि पहिला होरा ज्याचा त्याचेच नाव त्या दिवसाला. होऱ्यांचा क्रम शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र असा. दिवसाचे होरे २४, ग्रह ७; भागाकारात बाकी ३. म्हणून शनीपासून तीन घरे पुढे रवी, रवीपासून तीन पुढे चंद्र, चंद्रापासून मंगळ. गणिताच्या तासाला बाकीचा इतका चांगला उपयोग मला कधी दिसला नव्हता. मध्य प्रदेशातल्या एरणच्या इ. स. ४८४ च्या शिलालेखात गुरुवार आहे, पण तिथे शब्द ‘दिवस’ असा आहे.

एक अर्थ सरांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. वार लावून जेवणे. पूर्वी परगावी शिकणारा गरीब मुलगा सात घरी सात वार लावायचा. त्यांनीही ते केले होते. एखाद्या घरी सुतक निघाले की त्या दिवशी पोटाला चिमटा. “तलवारीचा वार चुकला तर माणूस वाचतो,” सर म्हणाले, “जेवणाचा चुकला तर पाणी पिऊन झोपतो.” आम्ही तेव्हा मोठ्याने हसलो होतो.

घंटा झाल्यावर आडनावांचा विषय निघाला. चंद्रपूर, नांदेडकडच्या आडनावांतला शेवटचा ‘वार’ तेलुगूतल्या ‘वारु’चा, म्हणजे आदराचा. आणि ‘उमेदवार’मधला फारसी, उमेद बाळगणारा तो उमेदवार. वर्गप्रमुखाच्या निवडणुकीत मला मोजकीच मते पडली, तेव्हा सरांनी माझी ओळख शब्दशः अशीच करून दिली होती.