टॅक्सीचं पासिंग: गाडी अडते कुठे?

८ वर्षांपुढच्या टॅक्सीला दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट लागतं; त्यासाठी आरटीओत होणारी तपासणी म्हणजे पासिंग. खासगी गाडीचा प्रश्न १५ वर्षांनी येतो. पासिंगच्या आदल्या दिवशी सगळा जोर गाडी धुण्यावर, आणि अडते टायरवर. खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बाद. नुसती मधोमध मोजू नका. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ ठेवण, बिघडलं असेल तर आतली कड आधी गुळगुळीत होते, आणि ती स्टेअरिंग पूर्ण वळवल्याशिवाय नीट दिसत नाही. सोलापूरच्या उन्हात साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूला, भेगाही पडतात.

ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते? बहुधा कॅलिपरची (चाकाची डिस्क दाबून धरणाऱ्या पकडीची) पिन अडकलेली, नाहीतर ब्रेकच्या लायनरला (घासणाऱ्या पट्टीला) तेल लागलेलं. हेडलाइट पिवळे पडले असतील तर बल्ब बदलून उपयोग नाही, काच पॉलिश करा. विमा, पीयूसीच्या तारखा आधीच बघा.