आमची वाटचाल : फ्लेक्सच्या दुकानापासून फोनमधल्या चित्रापर्यंत

मालवणात आमचं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान, ते अजूनही चालू आहे. गिऱ्हाईक म्हणजे होमस्टेवाले, खानावळवाले, हापूसचे बागायतदार आणि गणपतीच्या आधी मंडळं. पूर्वी एक बॅनर दिला की काम संपायचं, आता त्याच कामाला स्टेटससाठी उभं 9:16 पाहिजे, पोस्टला चौकोन पाहिजे आणि नाक्यावरच्या फ्लेक्सला लांबट आडवं. एकच चित्र कापून तिन्हीकडे बसवलं तर कुठे होडीची नाळ जाते, कुठे माणसाचं डोकं.

2022 च्या ऑगस्टमध्ये स्टेबल डिफ्यूजन, म्हणजे लिहून सांगितलेलं चित्र बनवून देणारं एआय मॉडेल, सगळ्यांसाठी खुलं झालं, डिसेंबरात ॲपलने ते आयफोनवर चालवायचा कोड दिला, आणि आम्ही ठरवलं की गिऱ्हाईकाला हव्या त्या मापाचं चित्र देणारं आपलं ॲप काढायचं, आणि ते फोनमध्येच चित्र बनवणार. इकडे पावसाळ्यात लाइट गेली की थोड्या वेळाने रेंज पण जाते, सर्व्हरच्या भरवशावर बसलो तर नेमकं गणपतीच्या तोंडावर गिऱ्हाईक अडकणार.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मापांनी. स्टेबल डिफ्यूजन 1.5 शिकलंय 512 बाय 512 च्या चौकोनावर. त्याला थेट 512 बाय 1024 सांगितलं की ते बऱ्याचदा दोन चित्रं एकावर एक रचतं, म्हणजे खाली एक किनारा आणि वर आभाळाच्या जागी परत दुसरा किनारा, माणूस असेल तर दोन डोकी. शिवाय चित्र आत 8 पट लहान होतं आणि मग अजून तीनदा अर्धं होतं, त्यामुळे दोन्ही बाजू 64 च्या पटीत असल्या की सगळं नीट बसतं. 9:16 चं चोख माप 432 बाय 768, पण 432 ला 64 ने भाग जात नाही. म्हणून आम्ही 448 बाय 768 बनवतो आणि दोन्ही कडांचे 8-8 पिक्सेल छाटतो. आठ पिक्सेलमध्ये कोणाची होडी कापली जात नाही. मात्र चौकोनापेक्षा पिक्सेल तीसेक टक्केच वाढले तरी अटेन्शनचं, म्हणजे चित्राचा प्रत्येक भाग बाकी सगळ्या भागांशी ताडून बघायचं, सगळ्यात जड काम जवळपास 1.7 पट होतं, जुना फोन चांगलाच तापतो.

ह्यात अजून एक गोष्ट. फोनच्या एआय चिपला मॉडेल द्यायचं तर माप आधीच पक्कं करावं लागतं, प्रत्येक मापाला वेगळं मॉडेल. मॉडेलचा मोठा भाग म्हणजे चित्र घडवणारा यूनेट, त्यातले वेट्स, म्हणजे शिकलेले आकडे, प्रत्येकी 16 बिटमध्ये ठेवले तर तोच 1.7 जीबीच्या आसपास. 6 बिटवर आणला तरी साडेसहाशे एमबी, आणि गिऱ्हाईकाचा फोन आधीच फोटोंनी भरलेला. त्यामुळे आम्ही तीनच मापं ठेवली : चौकोन, उभं, आडवं. 2024 ला आयओएस 18 बरोबर कोअर एमएलमध्ये, म्हणजे फोनवर मॉडेल चालवायच्या ॲपलच्या यंत्रणेत, मल्टिफंक्शन मॉडेल आलं, त्यात वेगवेगळ्या मापांचे वेट्स एकदाच साठवता येतात, ही आमच्यासारख्यांना फार मोठी सोय झाली.

लांब फ्लेक्सला मात्र आम्ही पूर्ण रुंदीचं चित्र बनवतच नाही, आणि माझं ठाम मत आहे की बनवू पण नये. चित्र एका बाजूला, उरलेल्या जागेत सपाट रंग आणि त्यावर फॉन्टने टाकलेली अक्षरं, कारण ह्या मॉडेलला देवनागरी येत नाही, जोडाक्षरं तर पार मोडतात. खानावळीच्या बोर्डावर "सुरमई थाळी" नीट वाचता आलीच पाहिजे.

सध्या आंबा पेटीच्या लेबलवर काम चाललंय. प्रत्येक बागायतदाराची पेटी वेगळी, त्यामुळे मापं पण वेगळी. तिन्हीपैकी जवळचं माप घेऊन कडेला रिकामी पट्टी सोडायची, असं सध्या ठरलंय. मार्चमध्ये पेट्या भरायला लागायच्या आत ते ॲपमध्ये यायला हवं.