एसीच्या वासाचा लॉग: मालवण-देवबाग, मे ते गणपती

यंदा तीन एसी हाताळले. एक आमच्या मालवणच्या घरातला दीड टनाचा इन्व्हर्टर (म्हणजे गारवा करणाऱ्या कॉम्प्रेसरचा वेग गरजेनुसार कमी-जास्त होणारा) स्प्लिट आणि दोन आतेभावाच्या देवबागच्या होमस्टेमधले. तक्रार तिन्हींची एकच, वास येतो. कारणं मात्र तीन वेगवेगळी निघाली आणि मेकॅनिक लोकांनी सांगितलेला उपाय तिन्हीकडे एकच होता, जेट मारून घ्या, म्हणजे जोराच्या पाण्याने धुवून घ्या. म्हणून हे सगळं नीट लिहून ठेवतोय.

माझं आता ठाम मत झालंय की वास कसला आहे यापेक्षा वास कधी येतो ते आधी बघायचं, पाना-स्क्रूड्रायव्हरला नंतर हात लावायचा. वासाचं वर्णन भरवशाचं नसतं, आई ज्याला कुबट म्हणते तो आतेभावाला आंबूस वाटतो, आणि नाक खोलीत थोडा वेळ बसलं की सरावतं, मग काहीच कळत नाही. म्हणून बाहेर खळ्यात पाच-दहा मिनिटं उभं राहायचं, मग आत येऊन हुंगायचं आणि लगेच वहीत लिहायचं: चालू केल्याकेल्या आला की थोड्या वेळाने, कॉम्प्रेसर चालू असताना की थांबल्यावर, नुसत्या फॅन मोडवर येतो का, मध्ये लाईट जाऊन आली होती का, एसी पूर्ण बंद असतानाही खोलीत आहे का. हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो, त्यामुळे पावसात ओल धरलेली काथ्याची गादी किंवा पडदेच वास मारत असतील तर एसी कितीही धुतला तरी उपयोग नाही. बंदरावरच्या सुक्या मासळीचा वासही एसीतून येत नाही, तो खिडकीच्या फटीतून येतो नाहीतर पाईपसाठी चिऱ्याच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून. ते भोक नुसतं कागद-चिंधी कोंबून सोडलेलं बरेचदा दिसतं. आतबाहेर दोन्हीकडून पुट्टीने बंद करून टाकायचं, पावसाचं पाणीही त्यातूनच झिरपतं.

आता घरचा एसी. वहीतल्या नोंदींवरून एक गोष्ट लगेच दिसली, वास चालू केल्यावर नव्हे तर खोली गार झाल्यावर, कॉम्प्रेसर थांबला की येतो. शेजारी एक साधा डिजिटल आर्द्रतामापक ठेवला होता. थंड करताना खोलीची आर्द्रता साठच्या आसपास यायची, कॉम्प्रेसर थांबून ब्लोअर (आतला पंखा) नुसता फिरत राहिला की काही मिनिटांत सत्तरच्या वर. म्हणजे कॉइलवर (आतल्या थंड होणाऱ्या नळ्या-पत्र्यांच्या जाळीवर) जमलेलं पाणी परत हवेत येत होतं आणि सोबत कॉइलवरच्या चिकट थराचा वास घेऊन येत होतं. हा थर म्हणजे धूळ, बुरशी आणि बॅक्टेरिया यांचा एकत्र बुळबुळीत लेप. ओल्या मोज्यांसारखा जो वास म्हणतात तो हाच.

मे महिन्यात हा वास एवढा नव्हता आणि जुलैत असह्य, याचं कारण समजल्यावर मला खरंच मजा वाटली. मेमध्ये बाहेर ऊन असतं, कॉम्प्रेसर बराच वेळ जोरात चालतो, कॉइल थंडगार राहते, पाणी धो धो ड्रेनमधून निघून जातं, बादली लावली तर तासाला लिटरच्या वर भरते. जुलैच्या रात्री मुसळधार पावसात बाहेरच पंचवीस-सव्वीस डिग्री असतं. एसी २४ वर लावला (१ जानेवारी २०२० पासून नवीन एसी डिफॉल्ट २४ वरच सुरू होतात) तर गारवा द्यायला त्याला कामच उरत नाही, इन्व्हर्टर अगदी हळू चालतो, कॉइल पुरेशी थंड होत नाही, आणि हवेत नव्वद टक्के ओल असताना ती ओल काढायची राहून जाते. कॉइल रात्रभर ओली ती ओलीच. एसीचा जनक मानल्या जाणाऱ्या विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जे यंत्र आखलं ते मुळात हवेतली ओल ताब्यात ठेवायलाच, कारण दमटपणाने कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. आपल्याकडे पावसाळ्यात एसीकडून नेमकं तेच काम करून घ्यायचंय, म्हणून आता रात्री ड्राय मोड लावतो. त्यात ब्लोअर हळू फिरतो, कॉइल थंड राहते आणि पाणी खाली जातं.

साफसफाईबद्दल सविस्तर लिहितो कारण किनाऱ्यावर इथेच नुकसान होतं. खाऱ्या हवेने कॉइलचे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि तांब्याची नळी जिथे एकमेकांना चिकटतात तिथे आधीच गंज धरत असतो, मीठ आणि ओल मिळाली की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. त्यात कोणी कॉस्टिकवालं केमिकल मारलं तर जो भरभरून फेस येतो तो बराचसा ॲल्युमिनियमशी क्रिया होऊन सुटलेला हायड्रोजन असतो. लोक फेस बघून खूश होतात की बघा कसा मळ निघतोय, पण पत्रा झिजतोय आणि निळ्या फिनवरचं, म्हणजे त्याच पत्र्यांवरचं, कोटिंगही जातंय. ॲसिड नको, ब्लीच नको. आणि ब्लीच मारून त्यावर टॉयलेट क्लीनरसारखं ॲसिड तर चुकूनही नको, क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत जीवावर बेतेल. मी कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थोडे थेंब आणि बागेचा हाताने दाबायचा स्प्रे वापरतो, फवारा पत्र्यांच्या उभ्या रेषेतच मारायचा, आडवा मारला की पत्रे वाकतात. पंधरा मिनिटं मुरू द्यायचं, मग साध्या पाण्याने भरपूर धुवायचं. साबण राहिला तर त्यावरच परत धूळ बसते.

त्याआधी एमसीबी (बोर्डातला एसीचा मुख्य स्विच) बंद, प्लग असेल तर तोही काढायचा, उजव्या बाजूच्या पीसीबीवर (इलेक्ट्रॉनिक सर्किटवर) प्लॅस्टिकची पिशवी नीट बांधायची, खाली धुतलेलं पाणी झेलायला सर्व्हिस बॅग लावायची. आणि कॉइल धुतली म्हणजे झालं असं नाही. वासाचं खरं घर बहुतेक वेळा ब्लोअरच्या पात्यांत असतं. स्विंगची पट्टी उघडून टॉर्च मारा, गोल पिंजऱ्यासारख्या त्या ब्लोअरच्या प्रत्येक पात्याच्या खोबणीत काळे ठिपके दिसतील. वरून जेट मारणारा तिथपर्यंत पोचत नाही, पोचला तरी अर्धा मळ मागच्या, पाणी जमणाऱ्या ट्रेमध्ये जाऊन बसतो. मी जुना टूथब्रश आणि लांब बाटलीचा ब्रश घेऊन एकेक पातं घासलं, हाताने ब्लोअर थोडा थोडा फिरवत. वेळखाऊ आहे पण निघालेलं काळं पाणी बघितल्यावर फरक का पडला ते कळतं.

देवबागची पहिली खोली वेगळीच. तिथे वास गटाराचा, एसी चालू केल्याकेल्या पहिली काही मिनिटं जबरदस्त, नंतर जवळजवळ नाहीसा. कॉइल तशी स्वच्छ होती. ड्रेन पाईपचा माग काढत बाहेर गेलो तर बसवणाऱ्याने तो बाथरूमच्या सांडपाण्याच्या पाईपला सरळ जोडून टाकलेला, नहाणी ट्रॅपच्या (वास अडवायला पाणी साठून राहतं त्या वळणाच्या) पुढे, म्हणजे मध्ये पाण्याचं सील कुठेच नाही. जून ते ऑगस्ट बोटिंग बंद, पाहुणे नाहीत, खोली बंद, आणि सेप्टिक टँकचा वायू आरामात त्या पाईपमधून वर येऊन इनडोअर युनिटच्या ट्रेमध्ये साचायचा. पाईप तोडून वेगळा केला आणि उतार देऊन माडाच्या आळ्यात सोडला. मीटरला साधारण दोन सेंटीमीटर उतार पुरतो, मध्ये कुठे झोळ नको, झोळात पाणी साचून शेवाळ धरतं. टोक पाण्यात बुडवायचं नाही, जमिनीपासून वीतभर वर ठेवायचं. टोकाला बारीक जाळी बांधली कारण कुंभारीण माशीला असली भोकं फार आवडतात, चिखलाने पाईप गच्च बंद करते आणि मग पाणी आत भिंतीवरून उतरतं.

दुसऱ्या खोलीचं प्रकरण सगळ्यांनी लक्ष देऊन वाचा. आत्या म्हणत होती, "ह्या खोलीत माश्याचो वास कित्याक येता रे?" आणि घरात सगळे म्हणत की रांधपातून येत असेल, मासे तर रोजचेच. पण वहीत दिसत होतं की वास एसी अर्धा-पाऊण तास जोरात चालल्यावरच येतो, आणि एसीच्या तोंडाशी नाही, भिंतीच्या बोर्डाजवळ जास्त. सोळा अँपिअरच्या प्लगचे पितळी पिन हिरवे पडलेले, सॉकेट आतून तपकिरी. खाऱ्या हवेने पकड सैल झाली, तिथे रेझिस्टन्स वाढला, तापलं, आणि सॉकेटचं प्लॅस्टिक, वायरचं इन्सुलेशन तापून बिघडायला लागलं की वास बरेचदा असाच वशट, मासळीसारखा येतो. दुसऱ्या कुठल्या गावात लोक लगेच चमकले असते, आपल्याकडे हा वास स्वयंपाकाच्या नावावर खपून जातो, त्यामुळे आग लागेपर्यंत कळायचं नाही. लगेच एमसीबी पाडला, वायरमनकडून सॉकेट, प्लग आणि काळी पडलेली वायर तिन्ही बदलून घेतली. किनाऱ्यावर एसीचा बोर्ड पावसाआधी आणि नंतर उघडून बघाच.

एक मुद्दा गॅसचा. वास येतो म्हणजे गॅस लीक असेल असं दोघा मेकॅनिकांनी सांगितलं. आर ३२ (हल्लीच्या एसीतला गारवा देणारा गॅस) ला ओळखता येईल असा वास जवळजवळ नसतोच, लीक असेल तर कूलिंग कमी होतं, कॉइलच्या एका भागावर बर्फ धरतो, जोडावर तेलकट डाग दिसतो. असा डाग दिसला तर स्वतः काही तापवायला जाऊ नका, आर ३२ थोडा ज्वलनशील आहे.

सध्याची स्थिती. गटाराचा आणि सॉकेटचा वास पूर्ण गेला. घरचा एसी सकाळी बंद करायच्या आधी अर्धा तास फॅन मोडवर ठेवतो, खिडकी किंचित उघडी ठेवून, म्हणजे कॉइलची ओल बाहेर जाते. पावसात लाईट जाते तेव्हा हे जमत नाही, एसी ओल्या कॉइलवरच बंद पडतो, म्हणून लाईट आली की थंड न करता आधी फॅनवर चालवतो. ज्या रात्री लाईट गेली आणि हे केलं नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी वहीत जोराच्या वासाची नोंद आहे, बाकीच्या दिवशी गणपतीपर्यंत नाही.

कॉम्प्रेसर थांबल्यावर अगदी हलका कुबटपणा अजून येतो आणि टॉर्च मारल्यावर ब्लोअरच्या डाव्या टोकाला, जिथे ब्रश पोचत नाही, काळं दिसतंय. दिवाळीआधी कॉइल थोडी उचलून ब्लोअर पूर्ण बाहेर काढणार आहे. ब्लोअरचं टोक ज्यात फिरतं तो डाव्या बाजूचा रबर बुशही तेव्हाच बघीन, तो कडक झाला असेल तर बदलायचा. ब्लोअर काढताना मोटरच्या बाजूचा स्क्रू गंजून अडकण्याची भीती आहे, आदल्या दिवशी त्यावर थोडं गंज सोडवायचं तेल सोडून ठेवीन. आपल्याकडच्या हवेत तो स्क्रू न तोडता ज्यांनी काढलाय त्यांनी कसा काढला ते जरूर सांगा.