कृष्णा चुकली

माझं आजोळ वाळव्याचं. पाठीला डबा बांधून मामाने मला कृष्णेत ढकललं, तेव्हा मी सात वर्षांची होते. त्या पाण्याला मी कुठेही ओळखीन असं वाटायचं. जानेवारीच्या अखेरीस, कोल्हापूरला विमान घेऊन जाताना, नेमकी तीच चुकली.

आम्ही बारामतीहून तिघं निघालो. शेजारी एकेक इन्स्ट्रक्टर, दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन सेसना 172. स्पर्धा आमच्यापुरतीच. बारामती ते कोल्हापूर सुमारे 90 नॉटिकल मैल, म्हणजे 165 किलोमीटरच्या आसपास. पंचगंगेवर किती मिनिटांनी पोहोचणार ते आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचं. जीपीएसचा पडदा झाकलेला. हातात नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र. ज्याची वेळ जास्त चुकेल त्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची. मी लिहिलं : 56 मिनिटं.

पुणे-कोल्हापूर एसटीने शंभरदा केलंय. पण ही वाट हायवेची नाही, तो उजवीकडे कराडकडे राहतो. इथे गावांपेक्षा नद्या मोजायच्या : नीरा, येरळा, कृष्णा, वारणा, पंचगंगा. येरळा वडूजजवळ मिळाली, नुसती वाळू, पण वेळेवर. आणखी एक सोय म्हणजे साखर कारखाने. गाळप चालू असल्याने धुराड्याचा धूर कुठे कलतोय ते पाहिलं की वारा कळतो. (हे पुस्तकात नाही, सरांनी सांगितलं.) एक अंश दिशा चुकली तर 60 मैलांवर एक मैल बाजूला जातो, हे मात्र पुस्तकात आहे, आणि मी तेवढ्याचीच काळजी करत बसले होते.

हवा धुरकट होती. पुढे पाण्याची एक चकाकती रेघ आली. कृष्णा! तीही चार मिनिटं आधी. मी खुशीत पॉवर कमी केली. सर काही बोलले नाहीत. पुढची नदी भलतीच रुंद, वळणं घेत जाणारी. दोन्ही काठांना ऊस. वारणा एवढी मोठी? असेल, धरणातून पाणी सोडलं असेल. माणसाला स्वतःची चूक झाकायला कारणं किती पटकन सुचतात! ही तर आणखी लवकर आली, म्हणून वेग अजून उतरवला. तिसरी नदी आली, तीही ओलांडली. आता कोल्हापूर दिसायलाच हवं. खाली फक्त ऊस.

"काय गं, कोल्हापूर चोरीला गेलं काय?" सर म्हणाले.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पहिली रेघ कालव्याची होती. नदी इतकी सरळ वाहत नाही. आणि जिला वारणा समजून ओलांडलं ती माझी कृष्णा. खाली वाळवा असणार, मामाचं घर असणार, आणि मी मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

पॉवर वाढवली, पण उशीर तो उशीर. पंचगंगेवर 59 मिनिटं 10 सेकंद. टॉवरने रनवे 07 दिला. उतरणं बाकी छान झालं, हे कुणी विचारलं नाही तरी सांगते. उजळाईवाडीचा हा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, 1939 चा. तेव्हा इथे येणाऱ्या वैमानिकांना झाकायला जीपीएसच नव्हतं.

पहिला आलेला फक्त वीस सेकंदांनी चुकला होता. गावात जाताना रिक्षात त्याने माझी सगळी कथा मीठ लावून सांगितली. रिक्षावाले काका आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "ताई, दोन दिवस थांबा की. अंबाबाईचा किरणोत्सव हाय. सूर्य बघा, सांच्याला बरोब्बर येळेवर आत येतोय."

सगळे हसले. मीही हसले. जरा वेळाने तेच म्हणाले, "धुरकट हवेत त्येचंबी चुकतंय म्हणा कधीकधी."

सहा मिसळी, जादा कट, दोनदा ब्रेड. पैसे मी दिले. काकांनाही बसवलं, सातवी मिसळ त्यांची.