बुडती विमान कंपनी विकत घ्यावी का?

एखाद्या विमान कंपनीचे पगार थकले, तिची विमानं धावपट्टीच्या कडेला उभी दिसायला लागली की हा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्या धडधाकट कंपनीनं ती घेऊन का टाकू नये? आयती विमानं, आयते वैमानिक, मुंबई-दिल्लीतल्या मोक्याच्या वेळा, वर एक स्पर्धक कमी. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, भारतापुरतं तरी माझं उत्तर बहुतेक वेळा ‘घेऊ नये’ असंच आहे.

आधी अशा कंपनीकडे स्वतःच्या मालकीचं काय असतं ते बघा. विमानं बहुतेक भाडेपट्ट्यावरची. भाडं थकलं की मालक आधीच लिहून घेतलेल्या अधिकारपत्राच्या जोरावर डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अर्ज करतो, विमानाची भारतीय नोंदणी रद्द करून घेतो आणि विमान घेऊन जातो. विमानतळावरच्या उतरण्या-सुटण्याच्या वेळा, म्हणजे स्लॉट, कंपनीच्या मालकीचे नसतात. ते हंगामापुरते मिळतात आणि वापरले नाहीत तर परत जातात. वैमानिकांचं बघाल तर डीजीसीएच्या नियमानं कॅप्टनला एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, पण पगारच बंद झाले की त्यांना धरून ठेवणं अवघड होतं. म्हणजे ज्या तीन गोष्टींसाठी बोली लावायची, त्या तिन्ही कंपनी बंद पडताच मोकळ्या होतात.

२०१९ मध्ये हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिलला उडालं. काही आठवड्यांतच तिच्या मुंबई-दिल्लीच्या वेळा तात्पुरत्या म्हणून इतर कंपन्यांना वाटल्या गेल्या. तिची कितीतरी बोइंग ७३७ विमानं स्पाइसजेटनं भाड्यानं घेतली, काही ‘विस्तारा’ या दुसऱ्या विमान कंपनीनं घेतली. मनुष्यबळही विखुरलं. यांपैकी कोणीही जेटचं कर्ज डोक्यावर घेतलं नाही.

याच जेटनं आधी उलटा रस्ता धरला होता. जानेवारी २००६ मध्ये एअर सहारा ५० कोटी डॉलरना घ्यायचं ठरलं. सरकारी मंजुऱ्यांत जून उजाडला, व्यवहार मोडला, प्रकरण लवादाकडे गेलं आणि एप्रिल २००७ मध्ये १,४५० कोटी रुपयांवर तडजोड झाली. हप्त्यांवरून वाद पुढेही न्यायालयात चालू राहिला. सहाराचं नाव जेटलाइट झालं. खरेदीमागचा मुख्य हिशेब स्पर्धक कमी करण्याचा होता आणि तोच चुकला. इंडिगो ऑगस्ट २००६ मध्ये उडायला लागली होती. एकाच प्रकारची नवी विमानं, एकाच प्रकारची आसनं, उतरल्यापासून पुन्हा सुटेपर्यंत कमीत कमी वेळ जमिनीवर, असा तिचा तेव्हाचा कारभार. सहाराचे प्रवासी जेटकडे राहतील असं धरून पैसे मोजले गेले, पण प्रवासी तिकिटाचा दर आणि वेळ बघून जातो. इंडिगोनं पुढे निम्म्याहून जास्त बाजार मिळवला, तोही कुठलीही कंपनी विकत न घेता.

किंगफिशरनं २००७ मध्ये एअर डेक्कनमधला २६ टक्के हिस्सा ५५० कोटींना घेतला, त्याला एक वेगळं कारण होतं. परदेशी उड्डाणांसाठी तेव्हा पाच वर्षांचा अनुभव आणि २० विमानं लागत. डेक्कन २००३ ची, किंगफिशर २००५ ची. डेक्कनच्या परवान्यामुळे किंगफिशरला सप्टेंबर २००८ मध्ये बंगळूर-लंडन सुरू करता आलं. म्हणजे दोन वर्षं वाचली. त्यासाठी हिस्सा वाढवत पुढे तोट्यातली अख्खी स्वस्त विमानसेवा गळ्यात घेतली, आणि नेमकं त्याच वर्षी जुलैत कच्चं तेल १४७ डॉलरवर गेलं. डेक्कनचा प्रवासी हजार-दीड हजाराच्या तिकिटाला सोकावलेला होता, त्याला दर वाढवून धरून ठेवणं शक्यच नव्हतं. ही स्वस्त सेवा २०११ मध्ये गुंडाळायची घोषणा झाली, आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरच जमिनीवर आली. अनुभवाची अट सरकारनं २०१६ मध्ये काढूनच टाकली.

आता ताळेबंदात ठळक न दिसणाऱ्या देण्यांबद्दल, कारण खरेदीदार फसतो तो इथे. बँकेचं कर्ज सगळ्यांना दिसतं. पण पुढच्या तीन महिन्यांची विकलेली तिकिटं हेही देणंच असतं: पैसे खर्च होऊन गेलेले, प्रवास मात्र तुम्हाला घडवायचा. फ्रीक्वेंट फ्लायरचे, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांना फुकट प्रवासासाठी दिलेले, साठलेले पॉइंट तसेच. तेल कंपन्यांची थकबाकी असेल तर उधारी बंद होऊन रोख मोजल्याशिवाय टाकी भरत नाही. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला टीडीएस आणि पीएफ भरलेला आहे का, हे पावत्यांवरूनच तपासावं लागतं. सगळ्यात मोठा खड्डा भाडेपट्टा संपतानाच्या अटींचा. विमान परत देताना इंजिनात, लँडिंग गिअरमध्ये (चाकांच्या सांगाड्यात) किती आयुष्य शिल्लक हवं हे करारात लिहिलेलं असतं. कमी भरलं तर फरक रोख द्यायचा. पैशाची ओढाताण असलेली कंपनी मोठी दुरुस्ती पुढे ढकलते, एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावते. इंजिनातल्या ठरावीक आयुष्याच्या भागांची पहिल्या दिवसापासूनची नोंद लागते. ती साखळी मध्येच तुटली तर भाग चांगला असूनही वापरता येत नाही, आणि तो बदलायचा खर्च करोडोंत जातो.

माणसांचा प्रश्न याहून नाजूक, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वैमानिकाची सगळी कारकीर्द ज्येष्ठतेच्या यादीवर चालते: कॅप्टन कधी होणार, मोठ्या विमानावर कधी जाणार, सुट्टी कधी मिळणार. दोन याद्या एकत्र करताना कोणीतरी मागे जातोच. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७ मध्ये एकत्र आल्या. २०११ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले. २०१२ मध्ये एअर इंडियाकडचे गेले, ड्रीमलायनर या बोइंगच्या नव्या मोठ्या विमानाचं प्रशिक्षण दुसऱ्या गटाला मिळतंय म्हणून, आणि तो संप ५८ दिवस चालला. विस्ताराचं उदाहरण तर चांगल्या कंपनीचं. तिच्या एअर इंडियातल्या विलीनीकरणाची घोषणा नोव्हेंबर २०२२ ची, प्रत्यक्ष विलीनीकरण १२ नोव्हेंबर २०२४ ला. मध्येच एप्रिल २०२४ मध्ये, हमीच्या वेतनाचे तास, म्हणजे उड्डाण कमी झालं तरी महिन्याला जितक्या तासांचा पगार ठरलेला असतो ते, ७० वरून ४० वर आणल्यावर वैमानिकांत असंतोष पसरला आणि दररोज पंचवीस-तीस उड्डाणं कमी करावी लागली. दोन्हींचा मुख्य मालक एकच, टाटा, पैसा हाताशी, तरी दोन वर्षं. पगार थकलेल्या, संतापलेल्या कंपनीचं काय होईल याचा अंदाज यावरून करा.

‘मग कर्मचाऱ्यांना वाऱ्यावर सोडायचं का?’ असं मला विचारतात. हा प्रश्न रास्त आहे. पण दुबळ्या खरेदीदारानं माणसं वाचत नाहीत. जेट विकत घेऊन पुन्हा उभी करायची ४,७८३ कोटींची योजना मंजूर झाली होती. पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी हा आदेश जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम ठेवला. योजनेतला ३५० कोटींचा पहिला हप्ताच अटींप्रमाणे आला नाही. ७ नोव्हेंबर २०२४ ला न्यायालयानं कंपनी मोडीत काढायला सांगितलं. मुंबईतल्या हजारो घरांनी साडेपाच वर्षं वाट बघितली. त्यापेक्षा पहिल्याच महिन्यात दुसऱ्या कंपनीत मिळालेली नोकरी कितीतरी मोलाची.

घ्यावी कधी? जे मोकळं होऊन तुमच्याकडे येणारच नाही, ते तिच्याकडे असेल तेव्हा. एअर इंडियाकडे लंडन, न्यूयॉर्कसारख्या ठिकाणच्या वेळा होत्या, लांब पल्ल्याची विमानं होती, अनेक देशांशी झालेल्या करारांतले उड्डाणांचे हक्क होते. तरीही २०१८ मध्ये ३३,३९२ कोटींच्या कर्ज-देण्यांसह ७६ टक्के हिस्सा विकायला काढला तेव्हा एकही बोली आली नाही. पुढे कर्ज किती उचलायचं हे बोली लावणाऱ्यावर सोडलं. टाटांनी १८,००० कोटींची बोली लावली: १५,३०० कोटींचं कर्ज आणि २,७०० कोटी रोख. उरलेले सेहेचाळीस हजार कोटींहून जास्त सरकारनं वेगळ्या कंपनीत ठेवले. विमान कंपनी तीच, फक्त ओझं उतरवलेलं.

वाट बघण्यातही धोका आहे, हे मान्य करायला हवं. गो फर्स्टनं मे २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि कायद्यातल्या स्थगितीमुळे, म्हणजे दिवाळखोरीचं काम चालू असेपर्यंत कंपनीकडून काहीही काढून घ्यायला असलेल्या बंदीमुळे, तिची ५४ विमानं जवळजवळ वर्षभर अडकली. उभं विमानही देखभाल मागतं. ती झाली नाही की किंमत घसरते. दिल्ली उच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये नोंदणी रद्द करायला सांगितलं तेव्हा ती सुटली. सरकारनं ऑक्टोबर २०२३ मध्येच विमानं त्या स्थगितीतून वगळली होती आणि २०२५ मध्ये त्याचा वेगळा कायदाही केला. त्यामुळे यापुढे बुडणाऱ्या कंपनीची विमानं लवकर मोकळी होतील आणि अख्खी कंपनी घेण्याचं कारण आणखी कमी होईल.

तरीही कोणाला घ्यायचीच असेल, तर भाव ठरवण्याआधी प्रत्येक विमानाचा भाडेकरार आणि मालकी बदलल्यास काय होईल याचं कलम, प्रत्येक इंजिनाच्या नोंदवह्या, पीएफ-टीडीएसच्या पावत्या आणि आगाऊ तिकिटांचे पैसे कुठल्या खात्यात आहेत याचा दाखला, एवढं मागवावं. यातली एक जरी गोष्ट महिन्याभरात समोर आली नाही, तर उठून यावं.